फलकावर 'सर्वधर्मीय' लिहायचं की नाही? (यावल तालुक्यातल्या श्रमशिबिराचा अनुभव, पुढच्यासाठी सल्ला हवाय)

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे फक्त वाचत होते, आज धागाच काढते.

डिसेंबरात २६ ते ३० असे पाच दिवस आम्ही काही शिक्षक-मित्रांनी सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यातल्या एका गावात श्रमशिबिर घेतलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. एकूण ४१ जण. नऊ कुटुंबं (आजी-आजोबांपासून दुसरीतल्या पोरापर्यंत) आणि बाकी अकरावी ते पदवीची मुलंमुली. हिंदू होते, मुसलमान होते, दोन जैन कुटुंबं, एक बौद्ध कुटुंब, एक महानुभाव आजोबा, जळगावची दोन ख्रिस्ती मुलं. गाव तडवी, पावरा आणि लेवा पाटील असं मिश्र. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: तडवी म्हणजे भिल्ल आदिवासी आणि धर्माने मुसलमान. यावल, रावेर, चोपड्याकडे त्यांची गावंच्या गावं आहेत. 'हा आदिवासी की मुसलमान' असं विचारलं तर ते हसतात.

काम होतं गायरानाच्या उतारावर सलग समतल चर खोदायचं. ग्रामपंचायतीचा ठराव घेतला होता. चर दोन फूट रुंद, एक फूट खोल. असा चर मीटरला १८० लिटर पाणी धरतो. सकाळी साडेसहा ते साडेदहा खोदकाम, दुपारी विश्रांती, चारला गावात शाळेची रंगरंगोटी.

आता गंमत. पहिल्या रात्री जेवायला पंगत बसली आणि कुणी काही न सांगता तिचे चार तुकडे झाले. आपापल्या ओळखीच्या माणसाशेजारी माणूस बसतो, त्यात वाईट काही नाही, पण मला घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वयंपाकाच्या पाळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. वय, जात, बाई-पुरुष काही न बघता. पहिल्याच चिठ्ठीत जैन काका, एक तडवी आजी (गावातल्याच, पण रोज येऊन बसायच्या), अमळनेरचा टीवायचा मुलगा आणि मी. काकांनी जन्मात कधी भाकरी थापली नव्हती. आजींनी त्यांच्या हाताची पहिली भाकरी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "हिचा नकाशा करून शाळेत लावा." त्यानंतर काका रोज पहाटे आपण होऊन चुलीशी.

जैन मंडळींना सूर्यास्ताआधी जेवायचं होतं. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन पंगती करण्यापेक्षा सगळ्यांचंच जेवण सव्वापाचला घेतलं. जेवण उरकलं की मगरिबची नमाज. वेळ अशी जुळली की आधी बसून आखली असती तरी जुळली नसती. तोटा एकच, रात्री नऊला कॉलेजची पोरं भुकेने वेडी व्हायची. दीड पोतं मुरमुरे संपले.

फजिती पण सांगते. चर समपातळीत यायला हवेत म्हणून बांबूची ए-चौकट केली होती, मधोमध दोरीला दगड बांधलेली. चौकट एकदा ठेवून दोरी कुठे येते ती खूण करायची, मग पाय उलटेपालटे करून त्याच जागी ठेवायची, दुसरी खूण करायची, आणि दोन्ही खुणांच्या मधला बिंदू तो खरा. आमच्या गटाने एकाच खुणेवर काम चालवलं. तीसेक मीटर चर खोदून झाला. एक तडवी बाबा शेळ्या घेऊन चालले होते. थांबले, तांब्याभर पाणी चरात ओतलं. ते पाणी थांबलं नाही, खालच्या अंगाला सरळ चालत गेलं. बाबा काही बोलले नाहीत, शेळ्या हाकत निघून गेले. तो तुकडा आम्ही परत बुजवला. बाकी २१० मीटर नीट झाला, म्हणजे एकदा भरला की साधारण ३८ हजार लिटर.

आता खरा प्रश्न. फलकावर आम्ही छापलं होतं 'सर्वधर्मीय सलोखा युवा व कुटुंब शिबिर'. त्याचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला आणि दोन पालकांचे फोन आले, "तिकडे नेमकं काय शिकवतात?" एका मुलाला तिसऱ्या दिवशी मामा घेऊन गेला. शेजारच्या गावातून विचारणा, कुठल्या पक्षाचं आहे म्हणून. आणि तिसऱ्या संध्याकाळी एक पाहुणे बोलायला आले, दीड तास. शेवटी त्यांनी एका बारावीच्या मुलाला उभं केलं, "तू इस्लामबद्दल दोन शब्द सांग." पोरगं लालेलाल. म्हणालं, "सर, मी सायन्सला आहे." सगळे हसले, पण नंतर तो दोन तास कुणाशी बोलला नाही.

माझं मत बनलंय की तो फलक आणि ते भाषण, दोन्ही काढून टाकावं. कामाचं नाव लिहावं, बस. पण आमच्यातल्याच काहींना हे पटत नाही. पुढचं शिबिर दिवाळीच्या सुट्टीत करायचं आहे. तुम्ही काय म्हणता?

---

केळीबाग

ताई, आधी अभिनंदन. पाच दिवस घरच्यांना घेऊन राहणं सोपं नाही, लग्नाला दोन दिवस गेलो तरी आमच्याकडे रुसवेफुगवे होतात.

एक टोचणारा प्रश्न. जेवण पूर्ण शाकाहारी होतं का? असणारच. 'सगळ्यांना चालेल असं' म्हटलं की नेहमी एकाच बाजूने जुळवून घ्यायचं असतं. तडवी आणि पावरा लोकांच्या गावात जाऊन पाच दिवस वरण-बट्टी आणि शेवभाजी खायची, आणि म्हणायचं एक चूल. जैन कुटुंबांची अडचण मला कळते. पण दुसऱ्या बाजूचं जुळवून घेणं कुणाच्या लक्षातही येत नाही, एवढंच म्हणायचंय.

---

बोरीकाठची

@केळीबाग, टोचलं, आणि बरोबर टोचलं. कांदा-लसूण-बटाटा नसलेली एक भाजी वेगळी व्हायची, त्याचा आम्हाला कोण अभिमान. अंड्याचा विषय कुणी काढला नाही आणि आम्हीही नाही. शेवटच्या दिवशी गावातल्या तीन घरांनी जेवायला बोलावलं तेव्हा अर्धं शिबिर तिकडे पळालं. परत आले ते हातांना रश्श्याचा वास घेऊन. महानुभाव आजोबा म्हणाले, "गेले ते गेले, आमची खिचडी उरली तेवढी त्यांना रात्री द्या."

---

पांझराकाठ

भो, मी काय म्हणस, भाषण कमी करा नि कुदळ जास्ती द्या. बठ्ठा प्रश्न तठेच मिटी जास.

(आता सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण भाषेत.) मी साक्री तालुक्यातला. आमच्याकडे पांझरेवर फड बागायत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांना सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून पोसायचं. शेकडो वर्षं चाललेली रीत, कुठे टिकली, कुठे मोडली. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरचा माणूस यायचा. ज्याचं रान जास्त त्याची माणसं जास्त. आमच्या गावात मारोतीचं देऊळ आणि मशीद समोरासमोर आहे. गाळ काढताना कुणी सर्वधर्मीय फलक लावलेला मी पाहिला नाही. पाण्याला आडनाव नसतं म्हणून नव्हे, तर गाळ काढला नाही तर शेपटाच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो म्हणून. आणि शेपटाला कुणाचंही शेत असू शकतं.

तेव्हा काम असं निवडा की ते झालं नाही तर कुणाचं तरी अडेल. शाळा रंगवणं ठीक आहे, पण शाळा रंगवली नाही म्हणून काही अडत नाही.

---

जुना सेवादली

बोरीकाठच्या ताई, तुमच्या श्रमाला सलाम, पण निष्कर्षाला विरोध.

मी लहानपणी राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत वाढलो. दल १९४१ चं. ज्या अमळनेरात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, त्या अमळनेरच्या बोरीकाठावर राहणाऱ्या तुम्हाला मी काय सांगावं. आज 'सलोखा' हा शब्द लिहायला भीती वाटते म्हणून काढला, तर उद्या काय काय काढाल? मामा पोराला घेऊन गेला म्हणून फलक उतरवायचा? धुळ्याने २००८ ची दंगल पाहिली, २०१३ ची पाहिली. त्या वेळी मी तिथे होतो. गल्लीत नुसते ओळखीचे असून भागत नाही, उघड उभं राहणारी माणसं लागतात. ती माणसं तुमच्या शिबिरातून तयार होणार की नुसते चर?

---

बोरीकाठची

काका, गुरुजींचंच उदाहरण घ्या ना. अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. त्या झाडूला त्यांनी फलक लावला नव्हता.

---

जुना सेवादली

झाडूला नव्हता. पण १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठोबाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले ते गाभाऱ्यामागे लपून नाही. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून उघड सभा घेतल्या. झाडू आणि सभा, दोन्ही तेच करत होते. तुम्ही अर्धेच गुरुजी घेताय.

---

बोरीकाठची

ह्याला आत्ता माझ्याकडे उत्तर नाही. विचार करते.

---

नवापूरची

मी आदिवासी ख्रिस्ती. दोन गोष्टी.

एक, तारखा. २६ ते ३० डिसेंबर ठेवून तुम्ही नवापूरकडच्या आम्हा सगळ्यांना आपोआप बाहेर ठेवलंत. नाताळ आमच्याकडे एका दिवसाचा नसतो. नवीन वर्षापर्यंत पाहुणे, गावोगावच्या भेटी, रात्रीची गाणी चालतात. म्हणूनच तुम्हाला जळगावची दोनच मुलं मिळाली. वाईट हेतू नव्हता हे ठाऊक आहे. पण कॅलेंडर भिंतीवर लावताना ईद आणि पर्युषण बघतात, आमचं कुणी बघत नाही. २५ तारखेची सुट्टी संपली की नाताळ संपला असं वाटतं.

दुसरं, फलक. सेवादली काका, तुमचा मुद्दा मोठा आहे, पण फलकाची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. 'सर्वधर्मीय' लिहिलं की पहिला संशय आमच्यावर येतो, धर्मांतराचा. पाच दिवस कुदळ मारून घरी आल्यावर गावात खुलासे आम्ही देत बसतो. तुमच्या घरी कुणी विचारायला येत नाही.

---

रेल्वे कॉलनी

भुसावळकर. माझं बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी तमिळ ख्रिस्ती गार्ड, समोर सरदारजी ड्रायव्हर, मागे बिहारी मुसलमान फिटर. शिबिर वगैरे काही नव्हतं, नळ एकच होता. पाच दिवसांत काय होणार? आणि करायचंच असेल तर एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आहे की. १९६९ पासून चालू आहे, वर्षाला १२० तास काम, सात दिवसांचं निवासी शिबिर, प्रमाणपत्र मिळतं. वेगळी चूल कशाला?

---

बोरीकाठची

@रेल्वे कॉलनी, एनएसएसच्या शिबिरांत मी स्वतः मुलांना घेऊन गेले आहे आणि ती चांगली असतात. पण तिथे फक्त कॉलेजची मुलं येतात. मुलगा सात दिवस सगळ्यांसोबत राहतो, घरी आला की आजी विचारते, "कुणाच्या हातचं खाल्लंस?" आणि तिथे सगळं संपतं. म्हणून आम्ही आजीलाच घेऊन आलो. भाकरीचा नकाशा करायला सांगणाऱ्या आजी आणि आमची एक अमळनेरची आजी, दोघी तिसऱ्या दिवशी सुनांच्या तक्रारी सांगत बसल्या होत्या. त्यात धर्म कुठेच आड आला नाही, सुना बिचाऱ्या मात्र दोन्हीकडच्या अडकल्या.

पाच दिवसांत काही होत नाही हे अर्धं खरं आहे. पण तुमचा तो एक नळ आता राहिलाय कुठे? घरोघर टाकी आली.

---

गावचा डॉक्टर

फार न लिहिता: मे महिन्यात चुकूनही ठेवू नका, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दिवाळीत ठेवलंत तरी सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम) कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते आधी फोन करून विचारा. मुलींसाठी संडास आणि पाणी आधी बघा, बाकी सगळं नंतर. आधी पाणी, मग फलक.

---

बाहेरगावचा खान्देशी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं युरोपात होतो, तिथे अशा कामशिबिरांत गेलोय. ही कल्पना तिकडे कशी रुजली ते सांगतो, ताईंच्या प्रश्नाशी संबंध आहे.

पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२० मध्ये पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एस्न या उद्ध्वस्त गावात छोटा गट नेला. घरं, रस्ते उभे करायला. गटात जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पडलं, त्यांच्याच देशाचे लोक विटा रचताहेत. तिथल्या लोकांना ते सहन झालं नाही आणि काही महिन्यांत गटाला निघावं लागलं. म्हणजे पहिलं शिबिर तसं फसलंच. पण संस्था उभी राहिली, आणि तिचं ब्रीद होतं 'शब्द नव्हे, कृती'. हाच सेरेसोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर आपल्याकडे आला आणि खेडी पुन्हा उभारायच्या कामाला लागला.

माझा मुद्दा: ब्रीद 'शब्द नव्हे' असलं तरी जर्मन माणूस जर्मन आहे हे कुणी लपवलं नव्हतं. लपवणं वेगळं आणि भाषण न करणं वेगळं. या धाग्यात दोन्हींची गल्लत होतेय असं वाटतं.

---

रावेरकर

सगळ्यांना सलाम. त्या शिबिरात मी, माझी बायको आणि आमची मुलगी होतो. केळीचा शेतकरी आहे, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

ताई, पाच दिवसांत मला कुणी विचारलं नाही की तुम्ही असं का करता, तसं का करता. फार बरं वाटलं. नमाजाला उठलो की शेजारचा माणूस माझी कुदळ सावलीत ठेवायचा, एवढंच. पण खरं सांगू का, तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं की विचारलं तरी चाललं असतं. माझ्या मुलीच्या खोलीतल्या मुलींनी चौथ्या रात्री तिला रोज्याबद्दल विचारलं. पाणीपण नाही का, ब्रश करतात का, असले प्रश्न. मग तिने त्यांना चतुर्थी आणि एकादशीचं विचारलं. रात्री दोनपर्यंत चालू होतं, आमची झोप मोडली. हे भाषणाच्या दिवशी झालं नसतं.

रोज्यावरून आठवलं. २०१८ ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपच्या वेळी मेहुण्याच्या गावी श्रमदानाला गेलो होतो. ४५ दिवसांची स्पर्धा, २२ मेला संपणार, आणि १७ मेपासून रोजे सुरू. तिथल्या लोकांनी आम्हाला उन्हातलं काम दिलं नाही, पहाटे सहेरीनंतर लगेच चार ते सातची पाळी लावून दिली. मग तीच पाळी सगळ्यांना आवडली, कारण गार असायचं. शेवटी अर्धं गाव पहाटे चारला हजर.

फलकाचं म्हणाल तर मला असं वाटतं. फलकावर गावाचं नाव आणि कामाचं नाव लिहा. पण घरी जो फॉर्म पाठवता त्यावर साफ लिहा: सगळ्या धर्मांची कुटुंबं येणार, एकत्र राहणार, चूल एक, पाळ्या चिठ्ठीने. ज्याला यायचं तो समजून येईल. मामाला मग पोराला घ्यायला यावं लागणार नाही, कारण त्याचा बाप सही करून बसला असेल. आमची नाराजी फलकावर नव्हती, आधी सांगितलं नव्हतं त्यावर होती. मलाही फलक तिथे पोहोचल्यावर दिसला.

---

जुना सेवादली

रावेरकर भाऊ, हे मला मान्य आहे. फॉर्मवर लिहिणं म्हणजे सहीनिशी उघडच की. नवापूरच्या ताईंचं म्हणणंही रात्रभर डोक्यात होतं. फलकाची किंमत मी माझ्या खिशातून मोजत नव्हतो, हे खरं. पण एक सत्र ठेवा. भाषण नको, प्रश्नांचं ठेवा. मुलांनी चिठ्ठ्या टाकायच्या, नाव न लिहिता, आणि ज्याला उत्तर द्यावंसं वाटेल त्याने द्यायचं. कुणाला उभं करायचं नाही.

---

केळीबाग

आणि एक दिवस जेवण गावाच्या हातचं. सोबत एक शाकाहारी भांडं. आता उलट जुळवून बघा.

---

बोरीकाठची

सगळं वहीत उतरवलं. दिवाळीच्या सुट्टीत, नवापूरकडून निदान तीन कुटुंबं, तारखा त्यांना विचारून. फॉर्मचा मसुदा इथेच टाकेन, त्यावर भांडा. ए-चौकटी पांझराकाठ भाऊ करून आणणार आहेत, दोन्ही खुणा लावून.

एक किरकोळ. शिबिरातून एक मोठी पितळी परात माझ्याकडे राहिली आहे. मागे फक्त 'सौ.' एवढंच कोरलंय, पुढचं नाव झिजलं. नऊ कुटुंबांना विचारलं, सगळे म्हणतात आमची नाही.

---

रावेरकर (जुलै)

ताई, परवा त्या बाजूला लग्नाचं बोलणं करायला गेलो होतो, मुद्दाम उतारावर चक्कर मारली. रात्री चांगला पाऊस झाला होता. चर भरलेत, काठाला घाणेरी आणि गवत उगवलंय. बुजवलेल्या तुकड्यावर कुणीतरी तुरीच्या ओळी लावल्या आहेत. शेळ्यावाले बाबा भेटले. फोटो काढू का विचारलं तर म्हणाले, आधी त्या भाकरीवाल्या काकांना विचार, आता गोल येते का.

परात बाबांच्याच घरची आहे. दिवाळीत आणा म्हणाले, तोवर राहू द्या.